खाडीकाठच्या कनाती

कल्याण बंदराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर जो कागद खर्ची घातला, तो बहुतेक सारा गलबते कोणी बांधली, ती कोठे लढली आणि शेवटी कोणाच्या हाती लागली या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच संपलेला आहे. परंतु जे गलबत वर्षाचे आठ महिने पाण्यावर असते ते उरलेले चार महिने कोठे असते, कोणाच्या हवाली असते आणि कशाच्या आडोशाला असते, याची चौकशी करण्याची निकड कोणास वाटलेली दिसत नाही. याचे कारण उघड आहे. लढाईचा कागद दप्तरात राहतो, तोफा किल्ल्यावर गंजत पडतात, गोदीचे दगडही दोनतीन शतके तग धरतात. पण गवत, झावळ्या, कामट्या आणि जुन्या शिडाचे तुकडे यांचा जो संसार नावेच्या अंगाभोवती दर पावसाळ्यात मांडला जाई, तो श्रावण सरता सरता चुलीत जाई, आणि चुलीत गेलेल्या वस्तूचा इतिहास लिहिणारा इतिहासकार अद्याप जन्मास यावयाचा आहे. माझे मत असे की, आपल्या किनाऱ्यावर नावेला जन्म देणारा सुतार आणि तिला आयुष्य देणारा शाकारणी करणारा, या दोघांत दुसऱ्याचे श्रेय तिळभरही उणे नाही. आणि त्या शाकारणीचे खरे मर्म वरच्या छपरात नसून दोन्ही अंगांना सोडलेल्या पडद्यांत होते.

कल्याणच्या शेजारच्या डोंबिवलीचे नाव घेतले की आजच्या वाचकास पाडव्याची शोभायात्रा आठवेल, २०१७ सालचे साहित्य संमेलन आठवेल, सकाळच्या गाडीला लोंबकळणारा चाकरमानी तर आठवेलच आठवेल. पण पाण्यावरची नाव आठवणार नाही. वास्तविक ज्या पाण्याच्या काठी हे गाव वसले आहे ते पाणी सातवाहनांच्या काळापासून जागतिक व्यापाराचा राजमार्ग होते. उल्हास नदी कल्याणाजवळ काळू नदीला पोटात घेते आणि तेथून पुढे नदी कमी व खाडी जास्त असे रूप धारण करून, डाव्या हाताला डोंबिवली आणि उजव्या हाताला भिवंडीचा मुलूख ठेवीत, दिवा व मुंब्रा यांना वळसा घालून ठाण्यास येते; तेथे तिचा एक फाटा दक्षिणेस मुंबई बंदराकडे जातो आणि मुख्य प्रवाह घोडबंदरच्या अंगाने वसईपाशी समुद्रास मिळतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दानशूरांची नावे कोरलेली आहेत, आणि सहाव्या शतकातील कॉस्मस याने हे बंदर भारताच्या मोठ्या व्यापारपेठांत गणले आहे. इतक्या मोठ्या वहिवाटीच्या पाण्यावर नावा आल्या, राहिल्या, आणि अर्थातच प्रत्येक वर्षी पावसाळाही आला.

या नावांचे अंग कसे होते, याची एक अत्यंत मोलाची साक्ष ठाण्याशीच निगडित आहे. १३२१ साली जॉर्डानस नावाचा एक ख्रिस्ती धर्मोपदेशक ठाण्यात होता. त्याच्या चार सहकाऱ्यांना तेथेच मरण आले, ही हकीकत युरोपात पुष्कळ गाजली. धर्मकारणाच्या त्या धामधुमीतही या मनुष्याचे डोळे उघडे होते, ही त्याची थोरवी. त्याने इकडील जहाजांविषयी लिहून ठेवले आहे की, ती लोखंडी खिळ्यांनी जोडलेली नसून सुईने शिवलेली असतात, त्यांच्यावर तक्तपोशी नसते, ती उघडीच असतात, आणि त्यांत पाणी एवढे शिरते की माणसांना सदोदित डबक्यात उभे राहून ते उपसावे लागते. परदेशी पाहुण्याच्या या तक्रारीत आपल्या विषयाचे सगळे बीज आहे. ज्या नावेला वरून झाकण नाही आणि जिचे सांधे काथ्याच्या दोरीने आवळलेले आहेत, ती नाव चालती असताना उपसता येते; पण ती उभी राहिली, तिच्यावरची माणसे घरी गेली, आणि वरून चार महिने पाऊस कोसळू लागला, म्हणजे तिचे काय होणार?

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा निरास केला पाहिजे. समुद्राचे खारे पाणी लाकूड खाते आणि पावसाचे गोडे पाणी निरुपद्रवी, असे काठावरच्या माणसास वाटते. नावेचा धनी याच्या अगदी उलट मानतो, आणि शास्त्र त्याच्या बाजूचे आहे. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यात फारशी माजत नाही. तिला हवे असते गोडे पाणी, ऊब आणि कोंडलेली हवा, व या तिन्ही गोष्टींचा आपल्या आषाढात सुकाळ असतो. काथ्याचेही तेच आहे. खाऱ्या पाण्यात काथ्या वर्षानुवर्षे टिकतो आणि गोड्या पाण्यात लवकर कुजतो, ही गोष्ट आपल्या खलाशांस तर माहीत होतीच, पण पुढे आलेल्या युरोपीय नाविकांनीही ती आवर्जून नोंदविली. खाऱ्या पाण्यातला खरा शत्रू म्हणजे लाकडास पोखरणारा जलकृमी. आणि त्याचा बंदोबस्त नाव कोरडी ठेवल्याने आपोआप होतो, कारण पाण्याबाहेर तो जगत नाही. तेव्हा वर्षातून काही काळ नाव जमिनीवर आणणे हे जसे अपरिहार्य होते तसेच हितकारकही होते. अट एवढीच की, जमिनीवर आणल्यावर तिला आकाशाच्या स्वाधीन करावयाचे नाही.

ऊन हा दुसरा वैरी. तो पावसाइतका गाजावाजा करीत नाही, म्हणून अधिक घातकी. पाणी पिऊन फुगलेल्या फळ्या वैशाखाच्या उन्हात आक्रसतात, त्यांच्या सांधीत ठासलेला कापूस सैल होतो, तेल उडून जाते, आणि मग फळीला जी बारीक चीर पडते ती पहिल्या पावसाचे पाणी आत घेऊन मोठी होते. दुपारी बारा वाजताचे ऊन नावेच्या पोटात पडते, तेथे माणूस छप्पर घालतो आणि निश्चिंत होतो. पण खरा घात करते ते दुपारनंतर पश्चिमेकडून तिरपे येऊन नावेच्या कुशीवर दोनतीन तास स्थिर राहणारे ऊन. पावसाचेही तसेच. कोकणपट्टीतला पाऊस वरून पडतो असे म्हणणे हे केवळ भाषेचे औदार्य आहे; तो नैर्ऋत्येकडून वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि कल्याण-डोंबिवलीच्या भागात तो वर्षास सुमारे अडीच हजार मिलिमीटर येतो. अशा मुलखात नुसते छप्पर म्हणजे डोक्यास पागोटे आणि अंगास वस्त्र नाही अशातला प्रकार. बगला झाकल्यावाचून नाव झाकली असे होत नाही, आणि बगला अगदी घट्ट झाकल्या तर आतली हवा कोंडून बुरशीचे आयतेच फावते. या पेचातून वाट काढणे हे शाकारणीचे सारे कसब.

ते कसब आगरी आणि कोळी या दोन जमातींच्या हाती होते, आणि ते त्यांच्या घराच्या शाकारणीहून निराळे नव्हते. ७ जूनला मृगाचे नक्षत्र लागण्यापूर्वी घरावरचे गवत बदलावयाचे, सरपण आत घ्यावयाचे, सुकी मासळी भरून ठेवावयाची, खारजमिनीचे बांध घालावयाचे, आणि याच लगबगीत एखाद्या मोठ्या उधाणाचा मुहूर्त साधून नाव वर काढावयाची. उधाणाचे पाणी तिला काठाच्या उंच जागी आणून सोडी. तेथून पुढे ओंडक्यांवरून, माणसांच्या खांद्याच्या बळावर आणि एका सुरातल्या हाकाऱ्यावर, ती पुराच्या पाण्याच्या कक्षेबाहेर जाई. खुल्या समुद्रकाठी लाटेची भीती असते; आमच्या खाडीस लाटेची नाही, पण उल्हासच्या पुराची आणि त्याबरोबर वाहत येणाऱ्या ओंडक्यांची भीती असते, म्हणून तिवरांच्या रांगेमागची खाजणाकाठची जागा पसंत केली जाई. जागा मोकळी मिळाली तर नावेचे तोंड वाऱ्याकडे करीत, म्हणजे तिची कूस माराखाली येत नाही. पठाण, म्हणजे तळाचे मुख्य लाकूड, जमिनीपासून वर राहील असे खाली ओंडके देत. दोन्ही अंगांना टेकू लावीत. चुकूनमाकून आत गेलेले पाणी निघून जावे म्हणून बूच काढून ठेवीत. अंगास मुशीच्या काळजाचे तेल चोपडलेले असे. त्याचा दर्प ज्याने एकदा घेतला तो मनुष्य पुढे कोणत्याही अत्तराची निंदा करणार नाही.

मग छप्पर. नाळेपासून वरामणापर्यंत, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, एक लांब वासा आढ्यासारखा बांधून त्यावरून बांबूच्या कामट्या दोन्हीकडे उतरवीत आणि त्यांवर पेंढा अथवा गवत घालीत. नारळ जवळ असला तर विणलेल्या झावळ्यांचे झाप. छपराची वळचण नावेच्या काठाबाहेर हातभर तरी जावी, हा पहिला नियम. दुसरा नियम बगलेचा: वळचणीपासून खाली जो पडदा सोडावयाचा तो नावेच्या अंगास चिकटता कामा नये, आणि त्याची खालची कड जमिनीस टेकता कामा नये. शेतकऱ्याचे इरले पाठीवर असते पण पाठीस चिकटत नाही, आणि त्यामुळेच त्याच्या आतला मनुष्य घामाघूम होत नाही. नावेच्या कुशीवरचा झाप हे तिचे इरलेच. वाऱ्याच्या अंगाचा पडदा दाट आणि बांधीव, आडोशाच्या अंगाचा विरळ आणि उचलता येण्याजोगा. उघाड पडली की तो वर गुंडाळून आत वारा खेळवावयाचा, ढग आले की सोडावयाचा. नाळेच्या आणि वरामणाच्या तोंडाशी मुद्दाम फट ठेवीत. हे उचलणे-सोडणे बहुधा घरातल्या म्हाताऱ्यांकडे आणि पोरांकडे असे, आणि ज्या घरात म्हातारा तरतरीत त्या घराची नाव धडधाकट, असा हिशेब सहज मांडता येण्यासारखा आहे.

असे जे गावोगाव घडत होते त्याच गोष्टीने एकदा राज्यव्यवहाराचे रूप घेतले. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि खाडीच्या या पट्ट्यात मराठ्यांचे आरमार जन्मास आले, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १६५९ च्या सुमारास, रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज आपल्या मुलासह व इतर कारागिरांसह महाराजांच्या चाकरीत गलबते बांधीत होता आणि वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फितवल्यावर ही मंडळी निघून गेली, हेही अभ्यासकांस परिचित आहे. पण बांधणारे पळून गेल्यावर बांधलेली गलबते कोणी जगविली? ती ज्यांनी जगविली त्यांना कोणी फितवू शकत नव्हते, कारण त्यांचे घर खाडीच्या काठीच होते. पावसाळ्यात घोडदळ जसे छावणीस जाई तसे आरमारही छावणीस जाई. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’च्या आरमारविषयक प्रकरणात या छावणीचा स्वतंत्र विचार केलेला आहे: ती दरसाल एकाच बंदरी न करता बदलत जावी, ती किल्ल्याच्या आश्रयाने करावी, आणि आरमाराच्या माणसांचा उपसर्ग रयतेस पोहोचू नये. तोफांची आणि शिबंदीची चर्चा करणाऱ्या ग्रंथात, गलबत उभे असताना त्याची काळजी कशी घ्यावी याला एवढी जागा मिळावी, यातच अमात्यांचे मुत्सद्देपण दिसते. त्याच ग्रंथातली, आंबे-फणसांची झाडे रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेली असतात म्हणून ती बळाने तोडू नयेत, ही ताकीद पुष्कळांच्या तोंडी असते. छावणीचा भाग मात्र कोणी वाचून दाखवीत नाही.

किल्ल्याचा आश्रय आणि चौकी-पहारा हवा तो केवळ चोरीच्या भयाने नव्हे. पेंढ्याने, झापांनी आणि तेल पाजलेल्या लाकडाने भरलेला काठ म्हणजे शत्रूच्या दृष्टीने एका चुडीचे काम. १५७० मध्ये पोर्तुगीजांनी कल्याणचा बाहेरचा भाग जाळला होता, आणि जवळजवळ उभ्या केलेल्या गलबतांची आगीपुढे काय गत होते याचा दाखला पुढे १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली मिळाला. इंग्रजांच्या तोफगोळ्याने एका जहाजास लागलेली आग शेजारून शेजारी सरकत गेली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार पाहता पाहता नाहीसे झाले. त्या जळितात पेशव्यांचाही हात होता, हे मराठी माणसाने लिहिताना लेखणी थोडी अडखळते. पण अडखळून का होईना, लिहिले पाहिजे. याच विजयदुर्गाजवळ, वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे, सुमारे ३५५ फूट लांबीची दगडी गोदी आहे. ज्यास असा दगडी निवारा परवडला त्याने तो केला. कल्याणच्या खाडीकाठी चिखल उदंड आणि कातळ थोडा, तेव्हा तेथे गवताचाच निवारा उरला.

हे झाले पावसाळ्याचे. उघाडीच्या दिवसांतही नाव नेहमी चालत नसते, हे रेल्वेच्या वेळापत्रकावर वाढलेल्या पिढीस सांगावे लागते. मुंबईहून कल्याणास येणारा पडाव भरतीबरोबर चढे. भरती संपली की तो जेथे असेल तेथे चिखलात बसे, आणि पुढचे पाणी येईपर्यंत सहा तास ऊन खात राही. अशा वेळी परबाण, म्हणजे शिडाचा आडवा वासा, खाली घेऊन नावेच्या लांबीवर धरावयाचे, त्यावरून शीड पसरावयाचे आणि त्याच्या कडा दोन्ही काठांस बांधावयाच्या. सूर्य कलेल तशी एका अंगाची कड खाली ओढून दुसऱ्या अंगाची उचलावयाची. शीड ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून लालसर तपकिरी केलेले असले तर ते ऊन अधिक सोसते आणि लवकर कुजत नाही. हीच युक्ती तालेवारांच्या पदरी गेली की तिला कनात म्हणावयाचे. फरासखान्यातल्या ज्या कनाती मोहिमेत सरदारांच्या डेऱ्याभोवती उभ्या राहत, त्याच जातीचे कापडी पडदे सुखवस्तू माणसाच्या नावेत बैठकीच्या दोन्ही बाजूंस आले. कंपनी सरकारच्या फौजेत तंबू उभारण्याच्या कामी खलाशांचीच तैनात असे, यात नवल नाही. दोर, काठी, कापड आणि वारा या चार गोष्टींचे भांडण मिटविणे हा ज्याचा जन्मजात धंदा, त्याला समुद्र काय आणि माळरान काय. पुढे मुंबईत साहेबलोकांसाठी बंदरबोटी निघाल्या. त्यांत मागल्या बाजूस बंदिस्त खोली आणि तिला झिलमिलीच्या खिडक्या असत, आणि पुण्यास जाणारा प्रवासी तीत बसून पनवेलपर्यंत जाई. कनातीची झिलमिली झाली. वारा आत आणि ऊन बाहेर हे सूत्र तेच राहिले.

विलायतेतल्या आरमाराने हा धडा फार महागात शिकून घेतला, आणि त्यात आपल्या मुंबईचा संबंध येतो म्हणून ती हकीकत सांगण्याजोगी आहे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या घाईत ओल्या लाकडाची जहाजे बांधली गेली; १८१० मध्ये पाण्यात ढकललेले ‘क्वीन शार्लट’ हे शंभर तोफांचे प्रचंड जहाज एकाही सफरीस जाण्याआधी आतून कुजून गेले. तेव्हा तेथील अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले की, शत्रूने बुडविलेल्या जहाजांइतकीच काळजी गोड्या पाण्याने आणि कोंडलेल्या हवेने कुजविलेल्या जहाजांची केली पाहिजे. युद्ध संपल्यावर जी जहाजे रिकामी उभी राहिली त्यांच्यावर लाकडी छपरे आली, आणि १८३८ मध्ये चॅटम येथे जहाजे बांधण्याच्या उतरणीवरच एक अवाढव्य छप्पर उभे राहिले. अशा छपराखाली राहिलेल्या जहाजांत मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली बांधलेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज होते. ते १८१९ मध्ये पोर्टस्मथला पोहोचले तेव्हा त्याला करण्यास युद्धच उरले नव्हते. म्हणून त्याची डोलकाठी उतरवून त्याला झाकून ठेवले गेले, आणि १८४५ पर्यंत ते तसेच राहिले. आजही ते हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. मलबारच्या सागवानाचे आणि मुंबईच्या सुताराचे गुण त्यात आहेतच. पण पाव शतकाच्या आच्छादनाचाही त्यात वाटा आहे, असे मी म्हणतो. साहेबाने छपरासाठी अंदाजपत्रक केले, हुकूम काढले आणि त्याची नोंद ठेवली. आमच्या काठावर तेच काम दरसाल बिनबोभाट होत राहिले, म्हणून त्याची नोंद नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणास पोहोचली. सर्वसामान्य समजूत अशी की, त्या दिवशी खाडीचा व्यापार मेला. तसे काही झाले नाही. घाईचा आणि महागाचा माल गाडीत चढला. जड, स्वस्त आणि सवडीचा माल नावेतच राहिला. मीठ राहिले, भात राहिला, गवत आणि लाकूड राहिले, आणि मुंबईत माड्या चढू लागल्या तशी रेती आली. यांतले मीठ हे तर पावसाचे हाडवैरी, तेव्हा अवकाळी सरीसाठी किंतानाचे आणि ताडपत्रीचे पडदे पडावात कायमचे असू लागले. नाव वाचविण्यासाठी जो पडदा होता तो आता मालासाठी आला, आणि मालाच्या निमित्ताने नावेचेही भागले. रेतीस मात्र ना उन्हाची भीती ना पावसाची. ज्या धंद्यात मालाला झाकण्याची गरज नाही त्या धंद्यात नावेला झाकण्याचीही सवय सुटते, हा माझा तर्क आहे, आणि मुंब्र्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या रेतीबंदरांवर बरगड्या दाखवीत पडलेली जुनी धुडे ज्यांनी पाहिली असतील त्यांस तो पटेल. हातपाटीने रेती काढणारा बुडी मारून तळाची रेती वर आणी. पुढे त्याच्या जागी सक्शन पंप आला, पंपाच्या मागोमाग महसूल खात्याची पथके आली, आणि जप्तीत गेलेल्या बार्जचे रक्षण करण्यात कोणालाच गोडी नव्हती.

तिकडे १९६४ च्या सुमारास डोंबिवलीत औद्योगिक वसाहत झाली, खाडीचे पाणी बिघडले, मासळी आटली, आणि कोळ्या-आगऱ्यांची पोरे नावेवरून उतरून गाडीत चढली. भाताची खारजमीन इमारतींखाली गेली तशी पेंढाही गेला, आणि पेंढा गेल्यावर पेंढ्याची शाकारणी कोठून राहणार? डोंबिवलीच्या मोठागावाहून समोर माणकोलीकडे आता पूल झाला आहे. पुलावरून जाणारा मोटारवाला खाली पाहत नाही, आणि वाहतुकीच्या नियमांच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

पण जो खाली पाहील त्याला जूनमध्ये अजूनही काही नावा काठावर झाकलेल्या दिसतील. शासनाची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. खाडीतल्या छोट्या होडीवाल्यास कायद्याइतकेच पुराचे पाणी घरी बसविते. मोठागावच्या बाजूस अशी एक होडी मी बारकाईने पाहिली आहे. खाली रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे दोन तुकडे. वर आढ्याच्या जागी गंजका नळ. त्यावर निळी प्लॅस्टिकची ताडपत्री, तिच्या कडांस नायलॉनच्या दोरीने बांधलेल्या, रेती भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, वारा आला की एकमेकींवर आपटत. पश्चिमेच्या अंगाला मात्र ताडपत्री नव्हती. तेथे कोण्या निवडणुकीतला फ्लेक्स उलटा सोडला होता, त्यामुळे उमेदवाराचे हात जोडलेले आणि डोके खाली असे दृश्य झाले होते. तो निवडून आला की नाही हे मला ठाऊक नाही, पण होडीची ती कूस मात्र कोरडी ठणठणीत होती. विशेष हे की, फ्लेक्सची खालची कड जमिनीपासून वीतभर वर होती आणि नाळेच्या बाजूस हात जाईल एवढी फट मोकळी होती. मी मालकाला विचारले, “दादा, हे खालून बंद का केलं नाही?” त्याने माझ्याकडे नवख्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले आणि म्हणाला, “बंद केलं तर आतून घामेजते ना ती.”

पेंढ्याच्या तुलनेने प्लॅस्टिक स्वस्त, हलके आणि एका दिवसात चढणारे आहे, हे कबूल करावे लागेल. पण पेंढा स्वतः श्वास घेतो आणि प्लॅस्टिक घेत नाही, म्हणून पेंढ्याखाली जी चूक खपून जाई ती प्लॅस्टिकखाली खपत नाही. ऊन त्या ताडपत्रीलाही खाते. एकदोन हंगामांत तिचे धागे सुटून खाडीत जातात. फायबरची होडी कुजत नाही म्हणून तिला आच्छादन नको, असे विकणारे सांगतात. तिचा वरचा गुळगुळीत थर उन्हाने पांढरट पडून त्याची भुकटी निघू लागते, आणि मग तिलाही अंगावर पडदा हवा असतो.

कल्याणास दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, जेथे मराठी आरमाराचा आरंभ झाला असे आपण अभिमानाने सांगतो तेथे, नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही छोटी युद्धनौका स्मारक म्हणून आणण्यात आली आहे. हेतू उत्तम आहे. परंतु स्मारक झालेली नौका ही कायमची छावणीस गेलेली नौका असते. तिला श्रावणात पाण्यात परतावयाचे नसते, म्हणून तिच्या वाट्याचे ऊन आणि पाऊस चालत्या नौकेहून अधिक असतात. धातूस बुरशी लागत नाही, पण खाडीचा खारा वारा त्यालाही खातो आणि दरसाल रंगाचा हात मागतो. व्यवस्थापकांनी तिकीटघर, उपाहारगृह आणि रोषणाई यांच्या अंदाजपत्रकात पश्चिमेच्या अंगाला उचलता-सोडता येईल अशा एका कनातीचे कलम घालावे, आणि ती शिवण्याचे नव्हे तर बांधण्याचे काम ठेकेदाराच्या माणसांस न देता मोठागावच्या किंवा खाडीपलीकडच्या कोन गावच्या एखाद्या म्हाताऱ्यास द्यावे. खालची कड किती वर ठेवावी हे त्याला निविदेत लिहून द्यावे लागणार नाही.